पंचांग बघून समुद्राला: सोलापूरकरांसाठी किनाऱ्यावरची भटकंती आणि मातीचे रंग

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, कोकणात चाललोय, पोरांना समुद्र दाखवायचाय, काय काय बघायचं सांगा की. आणि मग आपली माणसं तिथं जाऊन काय करतात तर वाळूत घोड्यावर बसतात, भेळ खातात, नारळपाणी पितात आणि पिशवीभर शंख-शिंपले घेऊन परत येतात, ते पुढे टेरेसवर दोन वर्षं वास मारत पडतात. वाईट काय नाही त्यात. पण त्याच किनाऱ्यावर, वाळू संपून खडक सुरू होतात तिथं, गुडघाभर पाण्यात इतकं काय काय जिवंत असतं की दोन तास कमी पडतात. आणि समुद्राचा रंग म्हणून घरी आणायचा तो शंखात नसून मागच्या लाल मातीत असतो. म्हणून हा लेख, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आपल्यासारख्या कोरड्या भागातल्या लोकांसाठी, ज्यांना भरती-ओहोटी ही फक्त भूगोलाच्या पुस्तकात भेटलेली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, बाकी सगळं त्यावरच चालणार आहे. जिवंत ते बघायचं, मेलेलं आणि तुटकं ते थोडं उचलायचं, आणि रंग मातीतनं काढायचा.

हॉटेलच्या आधी तिथी बघा

बहुतेक लोक आधी रूम बुक करतात, मग सुट्टी टाकतात आणि समुद्रावर पोचल्यावर बघतात तर पाणी पार भिंतीपर्यंत आलेलं. खडक बघायचे तर पाणी उतरलेलं पाहिजे, आणि ते कधी उतरणार हे चंद्रावर ठरतं. आता यात आपल्याला सोलापूरकरांना काय अडचण आहे मला कळत नाही, दाते पंचांग आपल्याच गावातनं निघतं, घरोघरी भिंतीला नाहीतर देवघरात आहेच.

हिशोब असा. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणनं गुणायचं, जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला १५ चे पाऊणपट सव्वाअकरा. आणि भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. दिवसाला दोन भरत्या दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकत जाते.

पण नुसती वेळ बघून चालत नाही, पाणी किती खाली जातंय ते पण बघायला लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी खूप वर आणि ओहोटीला खूप खाली, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी ना धड वर ना धड खाली, तेव्हा गेलात तर फारसं काय दिसणार नाही. मग या दोन्हीचा मेळ घातला तर बघा, द्वितीयेला भरती दीडला म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमाराला, तृतीयेला साडेआठला. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवस टिकतोच. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन, पाणी पार खाली, आणि चहा पिऊन आरामात जाता येईल अशी वेळ. त्यामुळे माझा सल्ला, सुट्टी टाकताना प्रतिपदा ते तृतीया हे दिवस पकडा, कुठल्याही पक्षातले.

हे झालं ढोबळ गणित. प्रत्येक गावाला अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी एक दुसरीपेक्षा जास्त खाली जाते, ते तिथीवरनं कळत नाही. म्हणून निघायच्या आधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाईलवर बघून घ्या. हैदराबादची इन्कॉईस म्हणून सरकारी संस्था आहे ती मोठ्या लाटांचे इशारे देते, तो इशारा असेल त्या दिवशी खडकावर जायचं नाही, मग कितीही लांबनं आलेले असा.

सीझन म्हणाल तर दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. पावसाळ्यात अजिबात नाही, खडक शेवाळलेले असतात, समुद्र खवळलेला असतो आणि मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हाच ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे निळे जीव येतात. मे महिन्यात आपल्याला वाटतं इथल्या उन्हातनं सुटका होईल, पण तिथला घाम वेगळाच असतो.

कुठं जायचं

दोन सरळ पर्याय. रत्नागिरीला रस्ता एकच आहे म्हटलं तरी चालेल, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, साधारण पावणेचारशे किलोमीटर. गाडीनं पूर्ण दिवस धरा, घाई करू नका. एसटीचं स्टँडवर विचारून घ्या. रत्नागिरीत फायदा असा की एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन किनारे आहेत. काळ्या समुद्राची, म्हणजे मांडवीची वाळू काळी, कारण त्यात इल्मेनाइटसारखी जड काळी खनिजं आहेत. पोरांना चुंबक द्या, वाळूतनं फिरवला की काळे कण मिशा फुटल्यागत चिकटतात, अर्धा तास तेच चालू राहतं. तिथनं वर आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड या पट्ट्यात वाळू आणि खडक दोन्ही मिळतात. झाडगावला मत्स्यालय पण आहे, ते आदल्या दिवशी संध्याकाळी बघून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी खडकात काय शोधायचं याचा अंदाज येतो.

दुसरा पर्याय मुंबई. हसू नका. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसायचं, सकाळी मुंबईत, आणि हाजीअली, गिरगाव, जुहू इथले खडकाळ पट्टे ओहोटीला उघडे पडतात तेव्हा तिथं समुद्रफुलं, खेकडे, स्पंज, नशीब असेल तर ऑक्टोपससुद्धा दिसतो. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा ग्रुप तिथं किनारा दाखवायला लोकांना घेऊन जातो, पहिल्याच वेळेला कुणी जाणकार बरोबर असलं तर फार फरक पडतो. पाणी घाण असतं हे खरं आहे, हात तोंडाला लावायचे नाहीत, आणि पायात बूट पाहिजेतच.

कासवाची पिल्लं बघायची असतील तर वेळास, आंजर्ले, तिथं साधारण फेब्रुवारीपासून पुढे पिल्लं बाहेर पडतात, पण तो वेगळा विषय झाला, गावकरी सांगतील तसंच ऐकायचं, फ्लॅश मारायचा नाही.

आधी घरी सराव

हे कुणी करत नाही, पण करून बघा. एखाद्या रविवारी पहाटे हिप्परगा तलावावर जा, तुळजापूर रोडला, लांब नाही. काठावर एका जागी दहा मिनिटं गप्प बसायचं. मोबाईल खिशात. पहिली दोन मिनिटं काहीच नसतं, मग चिखलात काहीतरी हलतं, बगळा सरकतो, छोट्या गोगलगायी दिसायला लागतात. समुद्रावर पण हेच करायचंय, फक्त जीव वेगळे. करमाळ्याकडनं उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणाऱ्यांना ही सवय असतेच, बाकीच्यांनी लावून घ्यावी, विशेषतः पोरांना, कारण किनाऱ्यावर जाऊन आरडाओरडा केला तर खेकडे बिळात जातात ते जातातच.

याच फेरीत काठावरची मूठभर काळी माती पण आणा, आणि शेतातल्या काळ्या रानात पांढरे चुनखडीचे खडे मिळतात ते चार. पुढे रंगाला लागतील.

पिशवीत काय

मागनं पट्टा असलेले जुने सँडल किंवा कॅनव्हासचे बूट, ज्यांचे सोल रबरी आहेत असे. हवाई चप्पल नको, ती खडकात अडकून राहते आणि पाय पुढे जातो. खडकावर कालवं, म्हणजे एक जातीचे शिंपले, चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, पाय कापला तर लवकर भरत नाही. टोपी, भरपूर पाणी, मोबाईलला प्लॅस्टिकचं पाऊच, छोटं भिंग, श्रीखंडाचा पांढरा रिकामा डबा, वही-पेन्सिल, तीन-चार झिपच्या पिशव्या. जखमेसाठी साबण, पट्टी. थर्मासमध्ये गरम पाणी, कशाला ते खाली सांगते.

चादर नेऊ नका बसायला. सोलापुरी चादर एकदा खाऱ्या पाण्यानं भिजली की उचलायला दोन माणसं लागतात आणि वाळत तर नाहीच. टॉवेल न्या, तो पण आपलाच.

खायला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेणार असाल तर भाकरी हवाबंद डब्यात, नाहीतर तिथल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मऊ पडते, मग कडक म्हणायचं तरी कसं.

खडकावर उतरल्यावर

ओहोटीची जी वेळ काढली त्याच्या दीड-दोन तास आधी पोचायचं. पाणी उतरत जाईल तसं त्याच्या मागं मागं खाली जायचं, आणि ओहोटीची वेळ झाली की तिथनंच परत फिरायला लागायचं. अजून जरा, अजून जरा, असं करायचं नाही, पाणी परत येताना आधी मागच्या घळीत भरतं आणि मग आपण बेटावर. मोबाईलला अलार्म लावा. किनाऱ्यावर कालवं काढणाऱ्या बायका असतात, त्यांना विचारलं तर टाइमटेबलपेक्षा नीट सांगतात. "मावशी, पाणी कधी फिरंल ओ?" एवढंच विचारायचं. हातातल्या छोट्या कोयत्यानं टक टक करत त्या कालवाचं वरचं झाकण उडवतात, आतला ओलसर करडा जीव अलगद डब्यात टाकतात आणि मान वर न करताच सांगतात, अर्धा तास हाय, त्या दगडाला पाणी लागलं की या वर. त्या दगडावर लक्ष ठेवायचं. त्यांचं पोट त्यावर आहे, मध्ये मध्ये कॅमेरा घालायचा नाही, फोटो विचारून काढायचा.

आता बघायचं काय. वरनं खाली पट्टे असतात. सगळ्यात वर, जिथं फक्त भरतीचे तुषार पोचतात, तिथं दाण्याएवढ्या गोगलगायी फटींत दाटीवाटीनं बसलेल्या दिसतील, आणि पांढऱ्या छोट्या ज्वालामुखीसारखी तोंडं असलेले बार्नॅकल. दगडच वाटतात, पण डबक्यात बुडलेला एखादा बार्नॅकल शोधून भिंगातनं बघत बसा, तोंड उघडून पिसासारखे पाय बाहेर काढून पाणी चाळताना दिसेल. त्याच्या खाली कालवं आणि टोपीसारखे लिंपेट. लिंपेटची गंमत अशी की पाणी चढल्यावर ते शेवाळ खात फिरतात आणि त्यांच्यातले बरेच परत आपल्याच जागेवर येऊन बसतात, घासून घासून खडकात शिंपल्याच्या मापाचा खळगा झालेला असतो. ओढून काढायचा नाही, निघत पण नाही आणि निघाला तर मरतो.

सगळ्यात खालच्या पट्ट्यात खरी मजा आहे, आणि वेळ पण तिथंच घालवायचा. खड्ड्यात साठलेलं पाणी असतं त्याच्या काठावर उकिडवं बसा, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला. समुद्रफुलं म्हणजे अ‍ॅनिमोन, पाण्यात फुललेली असतात आणि पाणी गेलं की जेलीचा गोळा होऊन बसतात, लोक त्यावर पाय देतात. खडकावर हिरवट-तपकिरी बटणांची चटई दिसली तर ते झोअँथिड, वसाहत करून राहणारे जीवच आहेत, त्यावरनं चालायचं नाही आणि हात पण लावायचा नाही, काही जातींत विष असतं. स्पंज असतील, पिवळे, नारिंगी. आणि शंख चालायला लागला तर दचकू नका, आत खेकडा आहे, हर्मिट क्रॅब, त्याचं पोट मऊ असतं, त्यावर कडक कवच नसतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख घालून फिरतो. वाढला की मोठा शंख शोधायचा. तुम्ही किनाऱ्यावरचे चांगले चांगले शंख उचलून आणता तेव्हा त्याचं घर तुमच्या शोकेसमध्ये येतं, हे पोरांना सांगा, त्यांना लगेच पटतं, मोठ्यांना वेळ लागतो.

वाळूवर बारक्या बारक्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधे बीळ आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या रांगा. ते बबलर खेकड्याचं काम. ओहोटी असेपर्यंत तो वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो, असं करत करत बिळापासून लांब जातो. लांब उभं राहून बघितलं तर गोळ्या वळताना दिसतो, जवळ गेलं की एका क्षणात आत. पुढची भरती सगळं पुसून टाकते आणि नंतर परत पहिल्यापासून.

दगड उलटवला तर खाली बघून झाल्यावर परत तसाच ठेवायचा, सावकाश, खालची बाजू खाली. तो उलटा राहिला तर खालचे जीव उन्हानं मरतात आणि वरचे अंधारानं. एवढं एक केलं तरी पुष्कळ झालं.

फोटो काढून आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर टाकले तर जाणकार लोक नाव सांगतात. बाजूला वहीत तिथी, वेळ आणि कुठल्या पट्ट्यात दिसलं ते लिहा.

हात कशाला लावायचा नाही ते पण सांगते. कोन शंख, सुळसुळीत, नक्षीदार, आइस्क्रीमच्या कोनच्या आकाराचा, तो सुई मारतो आणि विषारी असतो. जिवंत की मेलेला ओळखता येत नसेल तर उचलूच नका. जेलीफिश, वाळूत मेलेली पडली असली तरी चटका देते, लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत पुरून बसतो, म्हणून गुडघाभर पाण्यात पाय उचलून न टाकता घासत घासत चालायचं म्हणजे तो आधीच पळतो. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय ठेवायचा, दुखणं कमी होतं, थर्मास त्यासाठी, आणि मग डॉक्टर.

काय आणायचं, काय नाही

प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचे दगडासारखे तुकडे, समुद्री पंखे, समुद्री घोडे, समुद्री काकडी, हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. मेलेलं, वाळलेलं असलं तरी. काही मोठे शंख पण त्या यादीत आहेत. किनाऱ्यावरच्या दुकानात विकायला असतं म्हणून ते घेणं चालतं असं नाही. काळ्या वाळूची बाटली भरून आणायचा मोह होतो, ती पण राहू दे, चुंबकाचा खेळ तिथंच खेळा.

मग आणायचं काय तर शिंपल्याच्या दोन झाकणांतलं सुटं पडलेलं एक झाकण. तिसऱ्या, शिनाणे या शिंपल्यांची झाकणं भरतीच्या रेषेवर ढिगानं पडलेली असतात, त्यात खेकडा राहू शकत नाही, त्यामुळे दोन-चार मुठी नेल्या तर कुणाचं घर जात नाही. वळणाचे अख्खे शंख तिथंच ठेवायचे. आणि या झाकणांत एक शोधायची गोष्ट म्हणजे बारीक गोल भोक पडलेली. बिजागरीच्या जवळ, सुबक, कडा आतल्या बाजूला निमुळती होत गेलेली, ड्रिलनं पाडल्यासारखी. ते भोक मून स्नेल नावाच्या शिकारी गोगलगायीनं पाडलेलं असतं, कवच घासून आतला जीव खाल्लेला असतो. म्हणजे आयता मणी! घरी साध्या पाण्यात दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, सावलीत वाळवा, वास जातो. मग ओवायला आपल्याकडे दोऱ्याची काय कमी, यंत्रमागाच्या कारखान्यातनं सुताच्या दशा मागून आणा, रंगीत मिळतात, त्यात ओवून तोरण करा, खिडकीला लावा. पोरांचा एक दिवस जातो.

समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या जातीच्या प्राण्याचं आतलं पांढरं हलकं कवच, तो वाहून आलेला मिळाला तर आणा, नखानं भुगा होतो. नाही मिळाला तर मधला मारुतीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात विचारून बघा.

जाळ्यांचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या वाळूत अर्धवट गाडलेल्या असतात. निघत असतील तर उचला, कचऱ्यात टाका नाहीतर घरी आणून त्याच्या बास्केट विणा. यात कायद्याची काय भानगड नाही.

आता रंग

जांभळ्या रंगाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, भूमध्य समुद्राकाठी पूर्वी गोगलगायीपासून राजांचा जांभळा रंग काढायचे. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर नावाच्या जर्मन केमिस्टनं तो काढून बघितला, तर १२,००० गोगलगायींपासून १.४ ग्रॅम निघाला. म्हणजे चमचाभर सुद्धा नाही. त्यामुळे तो नाद सोडून द्यायचा.

कोकणात पायाखाली रंग आहे. जांभा दगड आणि त्याची माती, त्यात लोहाची ऑक्साईडं भरलेली, त्यानंच लाल, नारिंगी, तपकिरी, पिवळा असे रंग येतात. तळकोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावी कला बघायला मिळते, तिच्यात हीच लाल माती आणि चुना, आणि तो चुना शिंपले भाजून केलेला. ओल्या चुन्याच्या भिंतीवर काव, म्हणजे ती लाल माती, चढवायची आणि मग टोकदार हत्यारानं कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. समुद्र आणि माती दोन्ही एका भिंतीत.

माती जिथं उतरलात त्या घराच्या अंगणातनं मालकांना विचारून घ्या, एक मूठ लाल, एक मूठ पिवळसर, बास झालं. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर खरवडायचं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, कुठली रेघ जुनी आहे हे आपल्याला कळत नाही.

घरी आल्यावर असं करायचं. खडे फोडून माती बादलीत टाका, भरपूर पाणी, खळखळून ढवळा. अर्धा मिनिट थांबा, जाड वाळू तळाला बसते, वरचं गढूळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओता. खाली राहिलेलं फेकायचं. हेच परत दोन-तीनदा. शेवटचं गढूळ पाणी झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वर स्वच्छ पाणी आणि खाली सायीसारखा गाळ. पाणी निथळून टाका. माती किनाऱ्याजवळची असेल तर त्यात मीठ असतं, म्हणून साधं पाणी घालून असं निथळणं अजून दोन दिवस करा, नाहीतर चित्र वाळल्यावर वर पांढरा लोणा फुटतो, भिंतीला फुटतो तसा. गाळ जुन्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा. आपल्याकडच्या हवेत एका दिवसात खडखडीत, हा एक आपला फायदा.

वाळलेली पापडी खलबत्त्यात कुटा, मलमलच्या कापडातनं गाळा. खलबत्ता स्वयंपाकाचा घेऊ नका, आणि तोंडाला मास्क, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

पिवळी माती मिळाली असेल तर अर्धी बाजूला काढा, गच्चीवर जुन्या लोखंडी तव्यावर घालून मोठ्या आचेवर भाजा, हलवत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत ती लाल व्हायला लागते, कारण पिवळ्या खनिजातलं पाणी उडून जातं आणि लाल ऑक्साईड उरतं. पोरांना हे जादूसारखं वाटतं, दर दोन मिनिटांनी चिमूट काढून कागदावर ओळीनं ठेवली तर पिवळ्यापासून विटकरीपर्यंत सगळ्या छटा मिळतात.

आता डिंक. बाभळीचा डिंक आपल्या बांधाबांधावर आहे, आपल्या भागाला पावसानं जे दिलं नाही ते बाभळीनं दिलंय. एक वाटी डिंक, दोन वाट्या कोमट पाणी, रात्रभर भिजवून फडक्यातनं गाळा. त्यात अर्धा चमचा मध म्हणजे रंग तडकत नाही, आणि दोन थेंब लवंगेचं तेल म्हणजे बुरशी धरत नाही. एक चमचा मातीची पूड, साधारण तेवढंच डिंकाचं पाणी, जाड काचेवर किंवा फरशीच्या मागच्या बाजूला घेऊन गोल गोल घोटत राहा, करकर आवाज थांबेपर्यंत. कागदावर पट्टा ओढून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे, चकाकून तडे गेले तर जास्त.

हिप्परग्याची काळी माती आठवते का, ती आता काढा आणि तिचा पण असाच रंग करून बघा. जाड लावली तर उन्हाळ्यातल्या रानागत भेगाच पडतील. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून ती रंगाला वाईट. पातळ वॉश म्हणून चालते, करडा-तपकिरी, मला तर आवडतो. खरा काळा पाहिजे तर करवंटी जाळून तिचा कोळसा कुटा, नाहीतर दिव्याची काजळी धरा. पांढऱ्यासाठी शिंपल्याची झाकणं, समुद्रफेस किंवा शेतातले चुनखडीचे खडे, तिन्हीत पदार्थ मुख्यतः एकच, कॅल्शियम कार्बोनेट. वस्त्रगाळ पूड करून डिंकात घोटायची. ओला असताना हा रंग दिसतच नाही, वाटतं काय उपयोग नाही बे याचा, वाळला की पांढरा होतो. शिंपले घरी भाजायच्या भानगडीत पडू नका, भाजले की कळीचा चुना होतो आणि पाणी लागल्यावर उकळतो, डोळ्याला धोका.

हिरवा पाहिजे असेल तर समुद्रावर शोधू नका, तो आपल्याकडे आहे. विहीर खोदताना निघालेल्या काळ्या दगडात पोकळ्या असतात, त्यांना कधी कधी आतनं हिरवट मऊ अस्तर असतं. दख्खनच्या काळ्या दगडातल्या असल्याच हिरव्या मातीचा रंग अजिंठ्याच्या चित्रांत वापरलाय. नखानं खरवडून जमवायला वेळ लागतो, मिळेल तेवढा वेगळ्या डबीत ठेवा.

घोटलेला रंग बाटल्यांच्या टोपणात भरा, वाळला की अजून एक थर, वापरताना ओला ब्रश फिरवायचा. प्रत्येक टोपणाखाली गावाचं नाव आणि महिना लिहून ठेवा, कारण वाळल्यावर मालगुंडची लाल आणि मंगळवेढ्याच्या रस्त्यावरच्या मुरमाची लाल सारखीच दिसते. हळद-जास्वंदीचे रंग उन्हात उडतात, मातीचे उडत नाहीत, तेव्हा यांनी काढलेलं चित्र हॉलमध्ये उजेडात लावलं तरी चालतं, फक्त वर काच लावा, डिंकाचा रंग ओल्या फडक्यानं पुसला की निघून येतो.